भुंगा बंद पडला तो दसरा

बाळांनो, गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा आमच्यावर रागावलेत का?" मी पटकन म्हटलं, "नाही गं, यंत्र बिघडलंय त्यांचं." यंत्र बिघडलेलं नाही हे तुमच्या आईला मात्र ठाऊक आहे. ते कपाटात वरच्या खणात आहे, चार्ज केलेलं आहे आणि बटण दाबलं की वाजतं. म्हणून खरं काय झालं ते लिहून पाठवायचं मी ठरवलं. फोनवर सांगता येणार नाही, कारण फोन चालू असतो तेव्हा आजोबा माझ्या शेजारीच बसलेले असतात. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो; आई वाचून दाखवेल. मोठ्याने वाच म्हणावं, मधलं काही गाळू नकोस.

यंत्र तुम्ही पाहिलं आहे. लहान टॉर्चएवढं, खाली बॅटरीचं झाकण, वर एक गोल चकती, बाजूला रबराचं बटण. तंबाखूपायी आजोबांच्या घशातली आवाजाची पेटी गेली; हैदराबादच्या दवाखान्यात ती काढून टाकली आणि श्वास घ्यायला गळ्याला एक छिद्र ठेवलं. तेव्हापासून ती चकती हनुवटीखाली टेकवायची, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, असं त्यांचं बोलणं. यंत्र नुसतं गुणगुणतं, शब्द माणसाने करायचे असतात. तुम्ही त्याला रोबो म्हणायचात. आजोबांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, त्याला भुंगा म्हटलं, आणि आमच्या घरात तेच नाव राहिलं.

आक्कांबद्दल तुम्हाला फार माहिती नाही. त्या मुखेडजवळच्या खेड्यात राहायच्या. आजोबांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. ते नोकरीला लागले, निवृत्त झाले, तरी त्या त्यांना लहान्याच म्हणायच्या. साखरेने आधी त्यांचे डोळे गेले, मग बोटांची जाणीव गेली. गरम काय, गार काय, हाताला कळायचं नाही. आंधळ्या माणसाला हात असतात, कान असतात. आक्कांना शेवटी कान तेवढे उरले होते. रोज दिवेलागणीला आजोबा फोन लावायचे, भुंगा वाजायचा, आणि त्या आधी विचारायच्या, "जेवलास का रं?" आम्ही दिवेलागणीला जेवत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी.

मी मास्तरीण, इंग्रजी शिकवणारी, त्यामुळे मला त्या वहिनी वगैरे कधी म्हणाल्या नाहीत. "मास्तरीन, चहात साखर घालती का शिकवनीच घालती?" असं त्यांचं चालायचं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा करतात हे तुम्हाला आईने सांगितलं असेल. शेतकरी विळा-खुरपं धुऊन मांडतो, दुकानदार तराजू मांडतो. आजोबा रेल्वेत विजेच्या कामावर होते, म्हणून आपल्याकडे पाटावर पक्कड, टेस्टर, पेचकस आणि काट्याचं जुनं मीटर. त्यांना ओलं गंध लावायचं, फूल वाहायचं, फुलानेच पाणी शिंपडायचं. आणि पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्यालाही विसावा. आजोबा बाकी देवधर्मात फारसे नसतात, पण हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. एकदा खंडेनवमीला घराचा फ्यूज उडाला तर त्यांनी रात्रभर मला अंधारात बसवलं होतं.

आवाज गेल्यापासून ते भुंगाही पाटावर मांडत. म्हणजे तो सगळा दिवस ते बोलत नसत. मी म्हणायची, "छान, एक दिवस मला शांतता." ते हसायचे.

या वर्षी त्यांचा हात थरथरत होता. गंध टिकलीएवढं लागायचं, ते ओघळलं. मी पाहिलं आणि मला काही वाटलं नाही, कारण आधीच्या वर्षांत काही झालं नव्हतं. दिवसभर भुंगा पाटावर झेंडूत पडून होता. दिवेलागणीला आक्कांच्या मुलाचा, आमच्या भाच्याचाच फोन आला.

"मामी, आज मामाचा फोन न्हाई. आई वाट बघून राहिली."

"आज यंत्राला सुट्टी आहे रे. खंडेनवमी. उद्या बोलतील."

तो हसला. पाठीमागून आक्कांचा आवाज आला, "काय म्हनती?" त्याने सांगितलं. त्यावर त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी चहा ठेवत होते तेव्हा पुन्हा फोन. रात्री आक्कांना धाप लागली, पाय सुजले, लघवी बंद झाली. त्यांना लातूरला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी मूत्रपिंडं थकली असं सांगितलं होतं. "सारखं एकच लावलंय, लहान्या कुठं हाय, लहान्याला बोलवा. मामी, तुम्ही निघा. उशीर करू नका."

आजोबांनी पाटावरून भुंगा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, गळ्याला लावला आणि बटण दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. झाकण फिरवून बॅटरी काढली, फुंकर मारली, परत बसवली. जास्तीची बॅटरी मी नेहमी चार्ज करून डबीत ठेवते, ती घातली. तरी नाही. मग त्यांनी मला खुणेने मीटर आणायला सांगितलं. कसे बसलो होतो आम्ही तेव्हा! ते खुर्चीत, मी जमिनीवर, मीटरच्या दोन तारा मी बॅटरीच्या दोन टोकांना धरलेल्या आणि माझा हात हलला की ते माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. काटा सरसर वर गेला. बॅटरीत जोर होता, दोन्हींत. त्यांनी ओठांनी म्हटलं, "बटण." मी म्हटलं, "पाणी?" त्यांनी कपाळाला हात लावला आणि जवळच्या लिहायच्या पाटीवर लिहिलं, *बटण. आत गेलंय काहीतरी.* मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. गंधाचं पिवळं अजून नखात होतं. पाटी त्यांनी उलटी ठेवली.

दसऱ्याला दुकानं पूजेपुरती उघडतात आणि बंद होतात. जुन्या गावात आमचे एक घड्याळवाले आहेत, आजोबांपेक्षा थोडेच लहान. आता मोबाईलचे चार्जर आणि कानाच्या यंत्रांच्या बॅटऱ्याही विकतात. त्यांचं दुकान उघडं असणार हे माहीत होतं. लातूरला न्यायला गाडी ठरवली, तीच आधी तिकडे वळवली.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक पेच काढले, रबर उचललं आणि हसायला लागले.

"साब, ये क्या किया? याला पार नवरी केली तुम्ही. आतपर्यंत हळद लावली."

आजोबा हसले नाहीत. मी सांगितलं, बहीण दवाखान्यात आहे, बघू शकत नाही, आवाजच लागतो. ते हसायचे थांबले. कापसाने स्पिरिट लावून पुसत राहिले, बराच वेळ. कापूस पिवळा, मग लालसर, मग पांढरा निघाला. मग सगळं परत बसवलं, पण बटण दाबून पाहिलं नाही.

"भाभी, ओल अजून हाय आत. उद्या दुपारपर्यंत हात लावू नका. आज दाबलं तर सर्किट जळेल, मग मी काही करू शकत न्हाई. आज इथंच ठेवून जा, दिव्याखाली वाळवतो."

"ठेवून गेलो तर जाऊन उपयोग काय?"

"हां, तेबी हाय," ते म्हणाले आणि रुमालात गुंडाळून भुंगा आजोबांच्या हातात दिला. "दाबायचं न्हाई, साब. कसम से."

गाडीला झेंडूचा हार होता. ड्रायव्हर पोट सुटलेला, बोलका माणूस. आजोबांनी पुढे बसून भुंगा काचेजवळ उन्हात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "काका, बॉम्ब हाय का काय? रस्त्यात पोलीस असत्यात सणाचे." मी मागून त्याला सगळं सांगितलं. लोहा मागे पडल्यावर तो म्हणाला, "मावशी, हीटर लावू का?" दसऱ्याचं ऊन तापलेलं, बाहेर सोयाबीन काढायला आलेलं, आणि आम्ही काचा वर करून हीटर लावला. आजोबा भुंगा हवेच्या झरोक्यासमोर धरून बसले. अहमदपूर येईपर्यंत माझी साडी पाठीला चिकटली. ड्रायव्हर गळ्यातल्या रुमालाने घाम पुसत म्हणायचा, "वाळला का बघा. पापड असता तर कधीच वाळला असता." आजोबांनी एकदाही बटणावर बोट ठेवलं नाही. त्यांचा अंगठा बटणाच्या शेजारी होता.

लातूरला पोहोचलो तेव्हा आक्का जाग्या होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. भाच्याने वाकून सांगितलं, "आई, मामा आला. मामीबी आली."

आक्कांनी तोंड आमच्याकडे केलं. "आला? कुठं हाय? बोल की रं."

आजोबांनी त्यांचा हात हातात घेतला. त्या वाट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा कुनाचा हात हाय?"

"मामाचा, आई."

"मला कळत न्हाई हातातलं, तुला ठावं हाय. बोलू दे त्याला."

मी म्हटलं, "आक्का, यंत्र ओलं झालंय. उद्या दुपारी बोलतील. इथेच बसलेत ते."

त्यांचा चेहरा बदलला, आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की त्यांना काय वाटतंय. बाळांनो, आपल्याकडे आजारी माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत. आक्का डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांची धाकटी जाऊ गेली. तेरावा होईपर्यंत सगळ्यांनी त्यांना सांगितलं, बरी आहे, झोपली आहे, माहेरी गेली आहे. त्यात मीही होते. आक्कांनी ते कुणालाच माफ केलं नाही. आणि आता काल फोन आला नव्हता, यंत्राला सुट्टी आहे म्हणून सांगितलं होतं, आज यंत्र ओलं आहे म्हणून सांगत होतो. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "काल काय झालं त्याला?"

भाचा घाबरला. त्याने फोनमधला आजोबांचा एक जुना निरोप शोधून त्यांच्या कानाशी वाजवला. भुंग्याच्या आवाजात आजोबा विचारत होते, बैल सजवले का, झूल कुठली घातली.

आक्का ऐकत होत्या. "हे पोळ्याचं हाय," त्या म्हणाल्या. "मला येडी समजता का? मेल्या मानसाचं वाजवून राहिले."

आजोबांनी रुमाल सोडला. मी त्यांचा दंड धरला, म्हटलं, "उद्यापर्यंत थांबा, एकच दिवस." ते माझ्याकडे पाहायलाही वळले नाहीत. चकती गळ्याला लावली आणि बटण दाबलं.

भुंगा वाजला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मान वर केली. बटण आत अडकलं होतं, गुणगुण थांबेना, पण त्या गुणगुणण्यातून शब्द निघाले. "आक्का. मी. आलोय."

"लहान्या?"

"हाव."

"मग मघापासून मुक्यावानी का बसला रं? काल फोन का न्हाई केलास?"

"खंडेनवमी होती."

"आग लागो त्या नवमीला. तोंडाची बी पूजा करतं का कुनी?" आणि त्या हसल्या. हसताना खोकला आला. "जेवलास का?"

"जेवतो. तू?"

त्यांचं उत्तर यायच्या आत आवाज चिरकला, बारीक झाला आणि बंद पडला. जळक्या रबराचा वास आला. आजोबांनी गळ्यापासून चकती काढली. तिचा लाल वण उठला होता. पण आक्का शांत झाल्या होत्या. "मास्तरीन, त्याला जेवाय घाल," म्हणाल्या आणि झोपल्या. आम्ही खाली जाऊन भजी आणि चहा घेतला. मला वाटलं, झालं, जे व्हायचं ते झालं. यंत्र गेलं तर गेलं.

वर आलो तर त्या जाग्या होत्या आणि भाचा रडकुंडीला आला होता. "आईला काही आठवना, मामी." अंगात साचलेल्या विषाने असं होतं, नर्सने सांगितलं, आत्ताचं आत्ता विसरतात.

"लहान्या आला का?" आक्कांनी विचारलं.

"आला की, आई. मघाशी बोललीस त्याच्याशी. हसलीस."

"कधी? भुंगा कुठं वाजला?"

आजोबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बॅटरी बदलली. झाकण काढून कडेच्या तारा बोटाने चाचपल्या, पेचकस आणला नव्हता, माझ्या केसातली पिन घेऊन आत घालून पाहिली. जो माणूस अंधारात सिग्नलच्या पेट्या दुरुस्त करायचा त्याचे हात एवढ्याशा नळीपुढे नुसते फिरत होते. मी म्हटलं, "आक्का, ते इथेच आहेत. तुमच्या उशाशी. शपथ घेते."

त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. "मास्तरीन," त्या म्हणाल्या, "तू बी?"

त्यानंतर त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी सूर लावला. आपल्या खेड्यातल्या बाया माणूस गेल्यावर लावतात तो. मी अशी रडणी पुष्कळ ऐकली आहेत, पण दुसऱ्यांच्या दारात. "माझ्या लहान्या रं, तुला कडंवर घेतलं रं, तुला भाकर कुस्करून चारली रं, माझ्या आधी कसा गेलास रं." श्वास पुरत नव्हता, मध्ये थांबायच्या, पुन्हा सुरू करायच्या. ताप आल्यावर आजोबा काय खायला मागायचे, विहिरीत कसे पडले होते, कुणी काढलं, पहिल्या पगाराचं लुगडं कोणत्या रंगाचं आणलं, सगळं त्यात आलं. मघाचं आठवत नव्हतं, पण हे सगळं आठवत होतं. वॉर्डातल्या बाया जमल्या. एकीने मला विचारलं, "कोन गेलं बाई यांचं?" मी आजोबांकडे बोट दाखवू शकले नाही.

आजोबा उशाशी बसून ऐकत होते. ते उठून जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. आक्का थांबल्या की ते ओठ हलवायचे. एका ठिकाणी त्या चुकल्या, विहिरीतून दुसऱ्याच कुणी काढलं असं म्हणाल्या, तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि ओठांनी खरं नाव सांगितलं. आक्कांना ते कळायचा काही मार्ग नव्हता.

संध्याकाळी त्या थकून निजल्या. सकाळी, उजाडल्यावर, गेल्या. आम्ही त्यांना त्यांच्या खेड्यात घेऊन गेलो.

भुंगा मग हैदराबादला पाठवला. आतलं सर्किट आणि बटण नवं बसवून आलं. मी माझ्या गळ्याला लावून पाहिला, वाजतो. आजोबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी उचलला, झाकण उघडून आतलं काम नीट झालंय का ते पाहिलं, बॅटरीचे पत्रे पुसले, आणि परत दिला. रोज ठेवते, रोज परत देतात. कारण मी विचारलेलं नाही. माझ्या मनात काय येतं ते लिहीत नाही, कारण ते माझं आहे, त्यांचं नाही. एकदा मी रागावून म्हटलं, "पोरांशी तरी बोला, त्यांनी काय केलंय?" त्यांनी पाटीवर लिहिलं, *बिघडलंय म्हणून सांग.* ते मी सांगितलं. आता ते तुम्हाला पुन्हा सांगणार नाही.

ते रागावलेले नाहीत. रविवारी तुम्ही व्हिडिओवर बोलता तेव्हा ते प्रत्येक प्रश्नाला ओठांनी उत्तर देतात, फक्त तुम्ही फोन माझ्याकडे वळवा म्हणता, म्हणून दिसत नाही. पुढच्या वेळी मी फोन त्यांच्यासमोर धरीन. सावकाश विचारा आणि ओठांकडे बघा. पहिल्यांदा कळणार नाही, मलाही अजून बटणाचं पाणी ऐकू येतं. ते पुन्हा सांगतात, कंटाळत नाहीत.

आक्का गेल्या. आजोबा आहेत. त्यांचं मुखेडकडचं मराठी, बाजारातलं तेलुगू आणि रेल्वेतलं इंग्रजी, सगळं शाबूत आहे, आवाजाशिवाय.